अबू हमदच्या बुटक्या घोड्या

आमच्या घरात माणसांच्या तब्येतीआधी घोड्यांच्या तब्येतीची चौकशी व्हायची. आई जनावरांची डॉक्टर. मुंबईत शिकत होती तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं आयुष्य म्हशींच्या गोठ्यात आणि पॉमेरेनियन कुत्र्यांचे कान तपासण्यात जाणार. लग्न होऊन शारजाला आली आणि वाट्याला आले घोडे. रोल्लामधल्या आमच्या फ्लॅटखाली सकाळी दुकानांची शटरं खडखडत वर जायची, कापडवाल्यांचे हातगाडे जिन्याला धडकायचे, आणि वर स्वयंपाकघरात आई एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हातातल्या फोनवर मोठमोठ्याने विचारत असायची, "लीद कैसी है? पानी पिया क्या? पेट पे कान लगा के देखो, आवाज आती है?" शेजारच्या मल्याळी काकूंना कितीतरी दिवस वाटत होतं की आमच्याकडे कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. एकदा त्या पेज घेऊन आल्या. आईने ती घेतली, आभार मानले, आणि आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

बाबा जबल अलीला एका शिपिंग कंपनीत होते. उजाडायच्या आत कंपनीची बस यायची आणि ते परतायचे तेव्हा माझं जेवणसुद्धा झालेलं असायचं. त्यामुळे एक दिवस ते चांगलं ऊन असतानाच दारात उभे राहिले तेव्हा आई आणि मी दोघी दचकलो. "काही नाही, आज काम नव्हतं," असं म्हणून त्यांनी बूट काढले आणि पोहे मागितले. मग तसे दिवस वाढत गेले. 'मंदी' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारला नाही. 'मार्केट स्लो आहे' असं म्हणायचे. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून 'वुई आर गोइंग बॅक' म्हणत निघून जात होत्या. निरोपाचे इतके केक खाल्ले की मला केकचा कंटाळा आला तो आजपर्यंत. बाबांची नोकरी टिकली, पण कामाचे दिवस निम्मे झाले, आणि उरलेल्या दिवसांत घरात कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. सोफ्यावर बसले की आई झाडायला यायची, गॅलरीत गेले की ऊन यायचं. शेवटी एका शुक्रवारी आई म्हणाली, "चला आमच्याबरोबर अबू हमदकडे. निदान हवा तरी बदलेल."

अबू हमदचं शेत धैदच्या रस्त्याला होतं. शेत म्हणायचं, पण थोडी खजुराची झाडं, थोडा हिरवा चारा, दोन-तीन जुने गाफ वृक्ष आणि बाकी सगळी लालसर वाळू. मधोमध तबेला. मी आईबरोबर तिथे लहानपणापासून जायचे आणि घोड्यावर बसायला तिथेच शिकले. अबू हमद म्हणजे वाळलेल्या खारकेसारखा सुरकुतलेला, पायघोळ अरबी झगा, कंदुरा, नेहमी घोट्याच्या वर खोचलेला म्हातारा. त्याच्या पिढीच्या तिथल्या बऱ्याच लोकांसारखा तो छान हिंदी बोलायचा. त्याचे आजोबा गलबतातून मुंबईला घोडे विकायला न्यायचे, असं तो सांगायचा आणि मग आईकडे बघून हसायचा, "तुम्हारा लोग लेता था, हमारा लोग देता था. अब दोनों इधर है."

तबेल्याच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला परदेशी लोकांचे घोडे भाड्याने ठेवलेले: उंचच उंच, चकचकीत, जर्मनीहून नाहीतर हॉलंडहून विमानाने आणलेले. दुसऱ्या बाजूला अबू हमदच्या स्वतःच्या अरबी घोड्या. लहान चणीच्या, रुंद कपाळाच्या, पोलादी पायांच्या. खोगिराच्या पुढे मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तो जेमतेम माझ्या हनुवटीला लागायचा, आणि मी काही उंच नव्हते. त्या वर्षी पहिल्या बाजूचे मालक नोकऱ्या जाऊन आपापल्या देशांत परत जाऊ लागले. घोडे न्यायला कुणाला जमणार? काहींनी नोटीस लावली, 'फ्री टू गुड होम'. काही जण तेही न करता गेले. उंच घोडे फुकट मिळू लागल्यावर बुटक्या घोड्यांकडे कोण बघणार? आधीच त्यांना विचारणारे कमी होते. आता कुणीच उरलं नाही.

बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा रीमला पाहिलं. रीम ही त्या घोड्यांमधली माझी लाडकी, करड्या अंगाची, नाकपुड्यांशी काळी. रीम म्हणजे वाळवंटातलं हरीण. बाबा तिच्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहिले आणि विचारते झाले, "ये बच्चा है क्या?"

अबू हमद इतका हसला की त्याला खोकला आला. "बच्चा? बाबा, ये माँ है! इसका बेटी का भी बच्चा हो गया!"

बाबा ओशाळले, पण त्यांचं कुतूहल जागं झालं. ते माणूसच तसं होतं. एखादी गोष्ट समजली नाही की घसा खाकरून प्रश्न विचारत सुटायचे. खजुराच्या झाडाखाली चटईवर आम्ही बसलो. अबू हमदच्या लांब चोचीच्या किटलीतला कडवट, वेलदोडा घातलेला गहवा, म्हणजे तिथली कॉफी, छोट्या कपांतून फिरत होता. आईने डब्यातली थालीपिठं काढली. बाबांनी विचारलं, एवढ्या चांगल्या घोड्या, मग कुणी घेत का नाही? अबू हमद थालीपिठाचा तुकडा खजुराबरोबर खात सांगू लागला. पूर्वी घोडा तंबूच्या दारात बांधलेला असायचा, जे मिळेल ते खायचा: खजूर, वाळवलेली मासळी, उंटिणीचं दूध. मोठ्या अंगाचा घोडा तेवढ्यावर जगलाच नसता. आता शर्यती सपाट केलेल्या वाळूच्या रस्त्यांवर होतात, बरोबरीने गाड्या पाणी घेऊन धावतात, तिथे लांब टांगांचा घोडा लागतो. शिवाय स्वाराचं वजन कमी पडलं तर शिशाच्या पट्ट्या खोगिराखाली घालून ते भरून काढायचं, असा नियम. त्या ओझ्याचं उंच घोड्याला काही वाटत नाही, बुटक्याला वाटतं. सौंदर्याच्या स्पर्धा असतात, पण तिथे हंसासारखी मान आणि बशीसारखं खोलगट तोंड हवं. रायडिंग स्कूलवाल्यांना उड्या मारणारा घोडा हवा. "और फोटो," तो शेवटी म्हणाला. "फोटो में लंबा घोडा अच्छा लगता है."

"म्हणजे घोडा तोच, लोकांना हवं ते बदललं," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "आपल्याकडे भीमथडीच्या घोड्यांचं काय झालं? अख्खं दख्खन त्यांच्या पाठीवर फिरून आलं आणि नंतर लोक त्यांना तट्टू म्हणायला लागले." मग तिने ते अबू हमदला हिंदीत समजावून सांगितलं. भीमा नदीकाठच्या त्या घोड्यांत अरबी रक्त असल्याचं म्हणतात, हे ऐकून तो ताठ बसला. "छोटा था?" त्याने विचारलं. "छोटा था," आई म्हणाली. त्याने समाधानाने मान हलवली, जणू दूरच्या नातेवाइकांची खुशाली कळली.

मला तेव्हापासून एक प्रश्न लागून राहिला आणि खरं सांगायचं तर अजून सुटलेला नाही. एखादी गोष्ट लोकांना नकोशी होते ती नेमकी कोणत्या क्षणी? कुणी ठरवतं का? आता मला खोगिरावर चढायला स्टूल लागतं, गुडघे कुरकुरतात, पण कुठल्याही तबेल्यात गेले की मी आधी सगळ्यात बुटका घोडा कुठे आहे ते बघते आणि तो कुणाच्या मनातून कधी उतरला असेल याचा विचार करत बसते. तेव्हा मात्र मी रीमकडेच उत्तर असल्यासारखी तिच्याकडे बघत राहायचे. खजूर दिला की ती तो तोंडात घोळवायची आणि बी नीट वेगळी काढून माझ्या बुटावर टाकायची. कुणी शिकवलं असेल तिला? बाबांनी एकदा मुद्दाम बी काढलेला खजूर दिला, तर ती बराच वेळ घोळवत राहिली आणि मग तिने बाबांकडे असं बघितलं की त्यांनी चक्क "सॉरी" म्हटलं. त्या दिवसापासून बाबा तिचे झाले. रिकाम्या दिवशी ते स्वतःहून गाडी काढायला लागले. खरारा करायला शिकले. घरी आले की अंगाला घोड्याचा वास, आणि जेवताना गप्पा.

हिवाळा आला तेव्हा अबू हमदने आईला सांगितलं की आता चारा परवडत नाही, घोड्या काढाव्या लागणार. त्याच्या मुलांना त्यांत रस नव्हता. एक बँकेत होता, एकाला उंट आवडायचे. फक्त त्याचा पुतण्या सुलतान लांब पल्ल्याच्या शर्यतींचा तबेला चालवायचा. सुलतान वाईट माणूस नव्हता. काळा गॉगल, मोठी गाडी, बोलायला मोकळा. त्याने काकाला सांगितलं, "अम्मी, मला या घोड्यांवर दया नको दाखवायला लावूस. यांतली एक घोडी माझ्या घोड्यांबरोबर एक दिवस पळव. पूर्ण अंतर नीट काटलं, सगळ्या तपासण्यांत पास झाली, तर साऱ्या घोड्या मी घेतो, एकत्र ठेवतो, त्यांचा वंश दुसऱ्या कशात मिसळणार नाही. नाही काटलं तर जो नेईल त्याला देऊन टाक." 'अम्मी' म्हणजे त्यांच्याकडे 'माझे काका', बाबांना ते कळेपर्यंत ते गोंधळलेल्या चेहऱ्याने दोघांकडे बघत होते.

अबू हमदने रीमची निवड केली आणि स्वार म्हणून माझी. मी हलकी होते आणि रीमला माझी सवय होती. सुलतानचा डॉक्टर त्या वर्षीच्या गडबडीत देश सोडून गेला होता, तेव्हा तपासणीला आईने यावं असं तो म्हणाला. आईने आधी साफ नकार दिला. "माझी मुलगी बसणार आणि मीच तपासायचं? बरं दिसतं का ते?"

"दोक्तोरा, इसी लिए," सुलतान म्हणाला. "तुम बोलेगा पास, तो मैं पूछेगा नहीं. तुम बोलेगा खलास, तो चाचा पूछेगा नहीं."

त्या सकाळी धुकं होतं. वाळवंटातलं धुकं पाहिलं नसेल त्याला सांगून पटत नाही. घोड्याचे कान दिसतात, त्यापुढे काही नाही. सुलतानच्या लोकांनी नियमाप्रमाणे शिशाच्या पट्ट्या खोगिराखालच्या खिशांत घातल्या. त्या घालताना अबू हमद दुसरीकडे बघत होता. उंच घोडे सुटले आणि धुक्यात गडप झाले. रीमला मी आवरलं नाही, हाकललंही नाही. तिची एक चाल होती, दुडकीपेक्षा जरा लांब, जमिनीलगतची, पाठीवरच्या माणसाला झोप यावी अशी. धुकं विरलं तेव्हा बाजूने येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून बाबा अर्धे बाहेर आलेले दिसले. "मनू, पाणी! तिला पाणी हवंय का?" ते एवढ्या जोरात ओरडत होते की रीमऐवजी मीच बुजले.

एकूण चार फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीनंतर घोड्याला थांबवायचं, अंगावर पाणी ओतायचं, आणि छातीचे ठोके खाली आले की डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टर ठोके मोजतो, हिरड्या बघतो, पोटाला स्टेथोस्कोप लावतो, आणि मग घोड्याला हाताने धरून पळवायला लावतो, पाय नीट पडतात का ते पाहायला. उंच घोडे धापा टाकत उभे होते. त्यांच्यावर बर्फाच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या. रीम आल्या आल्या तपासणीला तयार. पहिल्या फेरीनंतर सुलतानने गॉगल वर केला. दुसऱ्या फेरीनंतर तो स्वतः येऊन तिच्या छातीला हात लावून गेला. "वल्ला, अम्मी," अल्लाशपथ, एवढंच तो म्हणाला. मी पाहिलं, अबू हमदने कंदुरा आणखी वर खोचला होता आणि तो एका जागी उभा राहत नव्हता. सुलतानचे दोन घोडे थकून बाद झाले. तिसरी फेरीही झाली. आता चौथी, शेवटची आणि सगळ्यात छोटी फेरी उरली होती.

तिसऱ्या फेरीनंतर आईने ठोके मोजले. छान होते. हिरड्या पाहिल्या. पोटाचे आवाज ऐकले. "पळव," ती म्हणाली. मी लगाम धरून पळाले, वळले, परत आले. आई रीमच्या पायांकडेच बघत होती. मग म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा पळाले. सगळीकडे शांत झालं होतं. फक्त खुरांचा आवाज येत होता आणि तो माझ्या कानाला अगदी सारखा वाटत होता.

"उजवा पुढचा," आई म्हणाली.

सुलतान म्हणाला, "दोक्तोरा, मेरे को तो कुछ नहीं दिखा."

"थोडा है. बहुत थोडा. मगर है."

"आई, प्लीज," मी म्हणाले. "शी इज फाइन! यू सॉ हर! ओन्ली वन लूप इज लेफ्ट."

आई रीमजवळ आली, गुडघ्यावर बसली आणि तिने तो पाय वरून खाली चाचपला. पायात अजून काहीच सापडत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. क्षणभर मला वाटलं, ती निर्णय बदलेल. तिने वर पाहिलं ते माझ्याकडे नाही, अबू हमदकडे. "अबू हमद, मैं इसको नहीं भेज सकती."

मला आज तो चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं तरी नीट येत नाही, कारण त्याने तो लगेच खाली घातला. त्याने वाळूकडे पाहिलं. मग पाण्याची बादली उचलून रीमसमोर ठेवली. "दोक्तोरा बोली खलास," तो म्हणाला, "तो खलास." आणि स्वतःच्या हातांनी खोगीर सोडायला लागला. शिशाच्या पट्ट्या वाळूत पडल्या तेव्हा धप्प आवाज झाला.

परत येताना गाडी आई चालवत होती. मी पुढे, बाबा मागे. मग मी म्हणाले, "कुणालाच दिसलं नव्हतं."

"मला दिसलं ना."

"पण शुअर होतीस का तू?"

आईने रस्त्यावरची नजर काढली नाही. "पाय हातात घेतला तेव्हा नव्हते. पळताना बघितलं तेव्हा होते. तू विचारायच्या आधी सांगते, वाईट वाटलं का? वाटलं. त्या म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं. पण ती घोडी बोलत नाही, मनू. ती थांबली नसती. तुला पाठीवर घेऊन गेलीच असती ती." मागून बाबांनी थालीपिठाचा डबा आमच्या दोघींच्या मधे धरला. आम्ही दोघींनी एकेक घेतलं आणि धैद रोडवर आमची गाडी थालीपीठ खाण्याच्या आवाजाने भरून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा होती, पण आईने मला बरोबर नेलं. रीम तबेल्यात उजवा पाय जरा पुढे ठेवून उभी होती. आईने माझा तळहात धरून त्या पायावर मागच्या बाजूला ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं ते गरम होतं, आणि किंचित फुगलेलं. "हा स्नायूचा दोर असतो," ती म्हणाली. "काल नुसता ताणला होता. आणखी एक फेरी, आणि तुटला असता." ती हे जिंकल्यासारखं म्हणाली नाही. तिने थंड पाण्याची नळी माझ्या हातात दिली आणि ती रोज किती वेळ धरायची ते सांगितलं.

सुलतानने शब्द पाळला, म्हणजे घोड्या घेतल्या नाहीत. तो वाईट वाटून काकाला भेटायला आला होता, पण ठरलं ते ठरलं. त्या हिवाळ्यात घोड्या एकेक करून गेल्या. एक रास अल खैमाला मुलांच्या बगीच्यात, दोन ओमानला, एक कुणा लग्नाच्या वरातीवाल्याकडे. ट्रक आला की अबू हमद आपल्या खोलीत जाऊन बसायचा आणि घोडी चढवायचं काम बाबा करायचे. ते तिच्या कानाशी मराठीत काहीतरी बोलत राहायचे, काय ते आम्हाला कधी सांगितलं नाही. पण रीमला कुणी नेली नाही. लंगडी घोडी कोण नेणार? आणि तिच्याच वंशाचा एक म्हातारा, दात झिजलेला घोडा होता, त्यालाही कुणी विचारलं नाही. त्यामुळे तबेल्याच्या त्या बाजूला ती दोघंच उरली. रीमचा पाय बरा व्हायला वेळ लागला. बरा झाल्यावर अबू हमदने एक दिवस आईला बाजूला बोलावून काहीतरी विचारलं. आईने रीमला तपासलं आणि मान डोलावली.

त्यानंतर वर्षभराने, थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही पोहोचलो तेव्हा अबू हमद फाटकाशीच उभा होता. त्याने आम्हाला हाताने खुणावलं. रीमच्या पायांशी गवतावर एक ओलसर, काळपट शिंगरू चारही पाय वेगवेगळ्या दिशांना पसरून उभं राहायचा प्रयत्न करत होतं. पडलं. पुन्हा उठलं. रीमने त्याला नाकाने ढकललं. आई आत गेली, तिने वाकून बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "घोडी आहे. ठणठणीत." मग हात पुसत, "लहानच राहील हं ही. आईपेक्षाही."

बाबा दारावर हनुवटी टेकवून बघत होते. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "अबू हमद," त्यांनी विचारलं, "हिला कुणी घेईल का? कौन ले जाएगा इसको?"

अबू हमदने शिंगराकडे पाहिलं. त्याला आता दूध कुठे असतं ते सापडलं होतं आणि त्याची छोटी शेपटी जोरजोरात हलत होती.

"ले जाएगा?" तो म्हणाला. "इसको जाना कहाँ है?"